एरर आला की आधी वाचा: कम्पायलरच्या सूचनांवरून चूक दुरुस्त कशी करायची

दारव्ह्याच्या बाजूच्या आमच्या गावातून मी तालुक्याच्या कॉलेजात एसटीने जायचे. सी भाषेचं प्रॅक्टिकल दुपारी तीनला सुरू व्हायचं आणि गावाकडची शेवटची गाडी साडेपाचला सुटायची. पहिल्याच महिन्यात एक अख्खं प्रॅक्टिकल एका सेमीकोलनपायी (वाक्य संपल्याची ‘;’ ही खूण) गेलं. शेवटी सर आले, एका ओळीच्या टोकाला ते चिन्ह टाकलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. कुठे टाकलं ते मला दिसलं, तिथेच का टाकलं ते कळलं नाही. पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा झाली.

गाडीत बसून विचार करताना लक्षात आलं, की काय चुकलं ते स्क्रीनवर लिहिलेलंच होतं. आम्ही मराठी माध्यमातून आलेल्या मुली लाल इंग्रजी ओळी दिसल्या की नजर खाली करायचो. वाचायच्या असतात असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता मी दर रविवारी गावातल्या वाचनालयात पोरापोरींचा सराव घेते, आणि पहिल्या दिवशी तेवढंच शिकवते. इथे त्याच क्रमाने लिहिते आहे.

एक सांगून ठेवते. वाचायला सोपं जावं म्हणून कोड आणि एरर मी देवनागरीत देते. तुम्ही टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरायची.

## १. हाताशी काय हवं

- कॉम्प्युटर, लॅपटॉप किंवा अँड्रॉइड फोन. फोनवरही खरा कम्पायलर, म्हणजे आपला कोड तपासून त्याचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, चालतं.
- कम्पायलर: जीसीसी किंवा क्लँग. उबंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज टाकलं की जीसीसी येतो. विंडोजवर एमएसवायएस२ मधून मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी) घ्या. फोनवर टर्मक्स हे ॲप घेऊन त्यात ‘पीकेजी इन्स्टॉल क्लँग’ ही आज्ञा द्या.
- दोनशे पानी वही आणि पेन. हिचं काम शेवटी येईल, पण आजच आणा.

इन्स्टॉल एकदाच करावं लागतं. ज्या दिवशी रेंज आणि डेटा दोन्ही असेल त्या दिवशी उरकून घ्या. त्यानंतर कम्पायलरला नेट लागत नाही. लाइन गेली तरी फोनवर सराव चालू राहतो, आणि आमच्याकडे तर याचं मोल फार आहे.

## २. जुना कम्पायलर असेल तर घरी नवा ठेवा

अनेक कॉलेजांत अजून टर्बो सी वापरतात, ती निळी स्क्रीन. तो १९९० च्या आसपासचा कम्पायलर आहे. परीक्षेपुरता तो येऊ द्या, पण शिकण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका. तो ‘स्टेटमेंट मिसिंग’ म्हणतो आणि थांबतो. नाव चुकलं तर कोणतं नाव अभिप्रेत असेल हे तो सुचवत नाही.

दुरुस्ती सुचवणं ही गेल्या काही वर्षांत वाढलेली गोष्ट आहे. क्लँगने आधीपासून त्यावर भर दिला. जीसीसीमध्ये चुकलेल्या जागेखाली बाणाची खूण २०१३ च्या ४.८ आवृत्तीत आली आणि दुरुस्तीच्या सूचना २०१६ च्या ६ व्या आवृत्तीपासून दिसू लागल्या. ८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, विसरलेल्या हेडर फाइलचं (तयार फंक्शनांची ओळख देणारी, प्रोग्रामच्या वर जोडायची फाइल) नावही तो अधिक नेमकं सांगतो. तेव्हा तुमच्याकडची आवृत्ती कोणती ते आधी बघा. ‘जीसीसी’ लिहून पुढे दोन वजा चिन्हं आणि ‘व्हर्जन’ हा शब्द टाकला की कळतं.

कॉलेजातला प्रोग्राम घरी आणलात आणि लिनक्सवर किंवा फोनवर चालवलात, तर पहिला एरर बहुधा ‘कोनिओ.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हा येईल. ती हेडर फाइल डॉसच्या जमान्याची आहे. तुमचं गणित चुकलेलं नाही. ती ओळ आणि तिच्या जोरावर चालणाऱ्या ‘सीएलआरएससीआर’ आणि ‘गेटसीएच’ या दोन आज्ञा काढून टाका. ‘व्हॉइड मेन’ असेल तर ‘इंट मेन’ करा. हा बदल क्लँग स्वतःच सुचवतो आणि तो डोळे मिटून मान्य करण्यासारखा आहे.

## ३. एररची ओळ फोडून वाचा

आमच्या वाचनालयातला नेहमीचा प्रोग्राम कापसाचा आहे. पहिली वेचणी, दुसरी वेचणी आणि तिसरी वेचणी किती क्विंटल झाली ते घ्यायचं आणि बेरीज छापायची. बेरजेची ओळ अशी:

एकूण = वेच१ + वेच२ + वेच३;

समजा ‘वेच३’ हे नाव वर जाहीर करायचं (वापरण्याआधी कम्पायलरला सांगायचं) राहून गेलं, आणि त्यात आकडा घ्यायचंही. जीसीसी म्हणेल:

कापूस.सी:९:२८: एरर: ‘वेच३’ अनडिक्लेअर्ड (फर्स्ट यूज इन धिस फंक्शन), डिड यू मीन ‘वेच२’?

हिचे सहा तुकडे करा. ‘कापूस.सी’ ही फाइल. ९ म्हणजे नववी ओळ. २८ म्हणजे त्या ओळीतलं अठ्ठाविसावं अक्षर, जागा धरून. ‘एरर’ म्हणजे प्रोग्राम तयार होणार नाही, इथे ‘वॉर्निंग’ असतं तर तयार झाला असता. मग तक्रार: हे नाव जाहीर केलेलं नाही. आणि सगळ्यात शेवटी सूचना: ‘वेच२’ म्हणायचं होतं का?

त्याखाली तुमचीच ओळ पुन्हा छापलेली असते, चुकलेल्या शब्दाखाली खूण असते आणि तिच्याही खाली, बदली म्हणून सुचवलेला शब्द. नवशिका नजर त्या सुचवलेल्या शब्दावर जाते आणि तिथेच थांबते. मी मात्र आधी तक्रार वाचायला लावते आणि मग सूचना.

शब्द मोजकेच आहेत, पुन्हा पुन्हा तेच येतात. ‘एक्स्पेक्टेड’ म्हणजे इथे हे असायला हवं होतं. ‘बिफोर’ म्हणजे याच्या आधी. ‘टोकन’ म्हणजे कोडमधला एक सुटा शब्द किंवा चिन्ह. ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ म्हणजे न सांगताच वापरलं. ‘टू फ्यू आर्ग्युमेंट्स’ म्हणजे फंक्शनला द्यायच्या गोष्टी कमी पडल्या. ‘नोट’ म्हणजे स्वतंत्र चूक नाही, वरच्याच चुकीबद्दलची जास्तीची माहिती. एवढे पाठ झाले की दहावीतलं इंग्रजी पुरतं. इंग्रजी कच्चं म्हणून प्रोग्रामिंग जमणार नाही, असं मुलांना सांगणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

## ४. नेहमी पहिल्या एररपासून सुरुवात

वर एक महिरपी कंस राहिला तर खाली वीस एरर येऊ शकतात. एकोणीस चुका खऱ्या नसतात. पहिल्या चुकीनंतर कम्पायलरचा वाक्याचा धागा सुटतो आणि पुढचं सगळं त्याला वेडंवाकडं दिसू लागतं. म्हणून स्क्रीन वर सरकवा, पहिला एरर शोधा, तेवढाच दुरुस्त करा आणि पुन्हा कम्पाइल करा. दुसऱ्याला हात लावू नका.

माझं सेमीकोलन याच जातीचं होतं. सहाव्या ओळीचं चिन्ह राहिलं की जुने कम्पायलर सातव्या ओळीवर बोट ठेवतात, कारण सातव्या ओळीतला पहिला शब्द वाचेपर्यंत त्यांना काही खटकतच नाही. सातवी ओळ तर बरोबर असते. त्या दिवशी मी तीच दोन तास न्याहाळत बसले होते. नवा जीसीसी सहाव्या ओळीच्या टोकाशी खूण करतो आणि खाली सेमीकोलन छापून दाखवतो. तरी सवय ठेवा: दाखवलेली ओळ बरोबर वाटली, तर तिच्या वरची ओळ बघा.

कुणाला व्हॉट्सॲपवर विचारायचं असेल तर स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागाचा फोटो पाठवू नका. पहिल्या एररच्या ओळीपासूनचा मजकूर पाठवा, सोबत कोडही. मला येणाऱ्या फोटोंत पहिली ओळ नेमकी कापलेली असते, आणि मग मी काहीच सांगू शकत नाही.

## ५. ‘डिड यू मीन’ कुठून येतं ते समजून घ्या

हे कळलं की सूचनेवर किती भरवसा ठेवायचा ते आपोआप कळतं, म्हणून इथे जरा थांबते.

कम्पायलरला न ओळखीचं नाव दिसलं की तो त्या जागी वापरता येणारी सगळी नावं घेतो आणि एकेकाशी ताडून बघतो. एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतील ते मोजतो. या मोजमापाला लेव्हेनश्टाइन अंतर म्हणतात. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ मध्ये ते मांडलं. सगळ्यात कमी अंतराचं नाव सूचना म्हणून पुढे येतं. अंतर फार असेल, साधारण नावाच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून जास्त, तर जीसीसी गप्प राहतो.

‘प्रिंटएफ’ (स्क्रीनवर छापायची आज्ञा) लिहिताना मधला ‘एन’ राहिला तर अंतर एक. जवळ दुसरं तसं नाव नाही, त्यामुळे सूचना अचूक. अशा वेळी बिनधास्त माना.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. आर्णी आणि आर्वी. अंतर एका अक्षराचं. पण आर्णी यवतमाळ जिल्ह्यात आणि आर्वी वर्धा जिल्ह्यात. कंडक्टरला नीट ऐकू आलं नाही आणि त्याने जवळचं नाव धरून तिकीट फाडलं, तर तिकीट खरं असेल, गाडीही खरी असेल, उतराल मात्र भलत्याच गावी.

वेचणीच्या प्रोग्राममध्ये हेच घडतं. ‘वेच३’ आणि ‘वेच२’ यांत एकाच अक्षराचं अंतर, म्हणून कम्पायलरने ‘वेच२’ सुचवलं. नववीतल्या एका पोराने तसंच केलं. एरर गेला, प्रोग्राम चालला. सहा, चार आणि दोन क्विंटल घातल्यावर उत्तर बारा यायला हवं, ते चौदा आलं. मी बोट दाखवल्यावर तो म्हणाला, “ताई, ह्या कम्प्युटरनंच तं सांगतलं, वेच२ टाक म्हनून!”

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला ‘ही सूचना म्हणजे आज्ञा नव्हे’ हे माहीत नव्हतं. कम्पायलरला कापूस माहीत नाही, तिसरी वेचणी माहीत नाही. त्याला फक्त अक्षरं दिसतात. इथे खरी दुरुस्ती वर, जिथे नावं जाहीर केली त्या ओळीत ‘वेच३’ घालण्याची आणि त्यात आकडा घेण्याची होती. म्हणून नाव सुचवलं गेलं की स्वतःला विचारा: माझा हात चुकला, की मी हे नाव जाहीरच केलं नाही? हात चुकला असेल तर सूचना माना. जाहीर करायचं राहिलं असेल तर सूचना सोडा आणि वर जा.

आणखी एक बारकावा. जाहीर न केलेलं नाव एका फंक्शनमध्ये दहा वेळा वापरलं असलं तरी जीसीसी त्याची तक्रार एकदाच करतो, तशी नोटही तो खाली देतो. एका जागी नाव बदलून पुन्हा कम्पाइल केल्यावर तोच एरर पुढच्या ओळीवर आला, तर गोंधळू नका.

## ६. सूचना पाळण्याआधी अर्थ तपासा

आता सगळ्यात फसवी जागा. कापसाचा दर्जा १ असेल तर एक भाव, नाहीतर दुसरा, असं लिहायचं आहे:

इफ (दर्जा = १)

इथे एकच बरोबरचं चिन्ह आहे. तुलना करायला दोन लागतात. एक चिन्ह म्हणजे ‘दर्जामध्ये १ भर’. त्यामुळे कोणताही कापूस आणा, दर्जा १ च होणार आणि सगळ्यांना पहिलाच भाव लागणार. व्याकरणाने ही ओळ शुद्ध आहे, म्हणून एरर येत नाही. सगळ्या नेहमीच्या वॉर्निंग चालू केल्या तर जीसीसी इतकंच म्हणतो: ‘सजेस्ट पॅरेंथेसिस अराउंड असाइनमेंट यूज्ड ॲज ट्रुथ व्हॅल्यू’. म्हणजे भरण्याच्या या क्रियेभोवती आणखी एक कंस घाला.

तुम्ही कंस घातला की वॉर्निंग जाते आणि चूक जशीच्या तशी राहते! त्या जादा कंसाचा अर्थ ‘मी हे मुद्दाम केलंय, आता टोकू नकोस’ असा कम्पायलर घेतो.

हीच ओळ क्लँगला द्या. तो वॉर्निंगखाली दोन नोट छापतो. एकीत म्हणतो, वॉर्निंग गप्प करायची असेल तर कंस घाला. दुसरीत म्हणतो, तुलना करायची असेल तर दोन चिन्हं वापरा. मला क्लँगची ही पद्धत मनापासून आवडते, कारण त्यात निवड तुमची आहे हे स्पष्ट दिसतं. त्यांचा नियमच असा आहे की थेट वॉर्निंगला जोडलेल्या दुरुस्तीने कोडचा अर्थ बदलता कामा नये. जिथे दोन वाटा असतात तिथे त्या नोटमध्ये मांडायच्या. रस्ट भाषेचा कम्पायलर तर आपल्या सूचनांची आतल्या आत वर्गवारी करतो: यंत्राने परस्पर लावली तरी चालेल अशी, चुकीची असू शकेल अशी, आणि मोकळी जागा तुम्हीच भरायची अशी. कम्पायलर बनवणारेच सूचनेला अंदाज मानतात, तर आपणही तेच मानावं.

## ७. वॉर्निंग चालू करा आणि सोडू नका

कम्पाइल करताना ‘जीसीसी’नंतर वजा चिन्ह, त्याला चिकटून मोठ्या लिपीतला डब्ल्यू आणि लगेच छोट्या लिपीत ‘ऑल’ हा शब्द टाका. रोज, प्रत्येक वेळी. ‘स्कॅनएफ’मध्ये (आकडा आत घ्यायची आज्ञा) नावाआधीचं ॲम्परसँड (&) राहिलं तर एरर येत नाही, पण या पर्यायाने वॉर्निंग येते: दुसरी गोष्ट ‘इंट स्टार’ हवी होती, तुम्ही ‘इंट’ दिली. ‘स्टार’ म्हणजे पत्ता. आकडा कुठे ठेवायचा त्या जागेचा पत्ता मागितला होता, तुम्ही आतली वस्तूच दिली. दुर्लक्ष केलं तर प्रोग्राम चालताना मध्येच कोसळतो आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढंच उरतं. तिथे ओळ क्रमांकही मिळत नाही.

‘प्रिंटएफ’ चुकीचं लिहिल्यावरचा सापळाही वॉर्निंगचाच. जीसीसीच्या १४ व्या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २०२४ पूर्वी, सीमध्ये ती फक्त वॉर्निंग होती. नेमकी सूचना त्या वरच्या ओळीत असायची, आणि खाली वेगळाच एरर यायचा: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. सगळे खालची ओळ वाचून हैराण व्हायचे. आवृत्ती जुनी असेल तर वर बघा.

## ८. जिथे सूचना मिळत नाही

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हे शब्द दिसले की ओळखा, बोलतोय तो लिंकर आहे. तुकडे जोडण्याचं काम त्याचं, आणि तो सहसा काही सुचवत नाही. ‘मेन’ची अक्षरं उलटसुलट झाली तर लिनक्सवर ‘मेन’ सापडत नाही म्हणतो. विंडोजवर मात्र ‘विनमेन’ सापडत नाही म्हणतो, आणि हे नाव तुम्ही कधी लिहिलेलंच नसतं. स्पेलिंग तपासा. लिनक्सवर वर्गमूळ काढताना ‘एसक्यूआरटी’ सापडत नाही म्हणाला, तर आज्ञेच्या शेवटी वजा चिन्ह लावून ‘एलएम’ जोडा.

दुसरी जागा कॉपी-पेस्टची. व्हॉट्सॲप किंवा पीडीएफमधून कोड उचलला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी येतात. कम्पायलर ‘स्ट्रे ३४२ इन प्रोग्राम’ अशा धाटणीचं काही बोलतो. ३४२ हा त्या वाकड्या चिन्हाच्या पहिल्या बाइटचा अष्टमान (आठच्या पायावरचा) आकडा आहे. कोड वाचून ही चूक सापडत नाही, कारण डोळ्याला दोन्ही चिन्हं सारखीच वाटतात. सगळी अवतरणचिन्हं खोडून कीबोर्डवरून पुन्हा टाका.

## ९. पायथन शिकणाऱ्यांसाठी

पायथनमध्ये हेच सगळं २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून पुष्कळ सुधारलं. आधी कंस बंद करायचा राहिला तर पुढच्याच ओळीवर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ यायचं. आता उघडलेल्या कंसावर बोट ठेवून ‘वॉज नेव्हर क्लोज्ड’ म्हणतो. नावं सुचवणंही तेव्हाच आलं. म्हणून ३.१० च्या पुढचीच आवृत्ती घ्या. पायथनचा लांब ट्रेसबॅक (चुकीपर्यंत प्रोग्राम कसा पोहोचला त्याची छापलेली यादी) मात्र शेवटच्या ओळीपासून वाचायचा. सी आणि पायथन दोन्ही शिकणारी मुलं इथे हमखास गोंधळतात.

## १०. वही

पानावर चार रकाने आखा: एररची ओळ जशीच्या तशी, कम्पायलरने काय सुचवलं, मी खरोखर काय केलं, आणि का. दुसरा आणि तिसरा रकाना ज्या ज्या वेळी वेगळा निघेल त्याला लाल पेनाने गोल करा. माझ्या वहीत पहिल्या तीन महिन्यांत असे अकरा गोल होते. त्यातले सात न जाहीर केलेल्या नावांचे.

वही सुरू करायला आज संध्याकाळी कापसाचा प्रोग्राम बरोबर लिहून चालवा आणि मग मुद्दाम एकेक चूक करा, एका वेळी एकच. एक सेमीकोलन काढा. ‘प्रिंटएफ’मधला ‘एन’ काढा. ‘वेच३’ची घोषणा पुसा. स्कॅनएफचं ॲम्परसँड काढा. शेवटचा महिरपी कंस काढा. दर वेळी कम्पाइल करण्याआधी तो काय म्हणेल ते वहीत लिहा, मग चालवा आणि ताडून बघा. पाचव्या चुकीला तो कोणती ओळ दाखवतो ते नीट पाहा आणि आपला कंस खरा कुठे राहिला होता तो आकडा शेजारी लिहा.